रामसेस तिसऱ्याचा खून: कट खरंच फसला होता का?

नीलकाठ (धागाकर्ती)

इजिप्तमधल्या जनानखान्याच्या कटाबद्दल बहुतेक ठिकाणी एवढंच वाचायला मिळतं: रामसेस तिसऱ्याच्या एका राणीने आपल्या मुलाला गादीवर बसवण्यासाठी कट केला, तो उघडकीला आला आणि सगळ्यांना शिक्षा झाल्या. गेली काही वर्षं मी या प्रकरणाबद्दल मिळेल ते वाचते आहे आणि ही मांडणी मला मुळीच पटत नाही. कारण राजा मेला. त्याचा गळा चिरला गेला होता. ज्याला मारायचं ठरलं होतं तोच मेला, तर कट फसला असं कसं म्हणायचं? फसला तो त्यानंतरचा डाव, म्हणजे गादीवर आपला माणूस बसवण्याचा. हे दोन भाग वेगळे ठेवून कागद वाचले की त्यांत बरंच काही दिसू लागतं, म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. रामसेस तिसरा हा विसाव्या राजवंशाचा दुसरा राजा. इ.स.पू. ११८६ ते ११५५ असं सुमारे ३१ वर्षं त्याने राज्य केलं. पाचव्या आणि अकराव्या वर्षी लिबियन टोळ्या चालून आल्या. आठव्या वर्षी आले ते 'समुद्री लोक', जमिनीवरून आणि पाण्यातूनही. त्याच धामधुमीच्या काळात हित्ती साम्राज्य नाहीसं झालं. इजिप्त टिकलं. लक्सॉरजवळ नाईलच्या पश्चिम तीरावर मेदिनेत हाबूला त्याचं देऊळ आहे. त्याच्या भिंतीवर ही सगळी युद्धं कोरलेली आहेत. बाहेरच्या शत्रूंना पुरून उरलेला राजा घरात मारला गेला.

वारसाचा प्रश्न आधीपासून नाजूक होता. त्याचे काही मोठे मुलगे त्याच्या हयातीतच गेले. खाएमवासेत आणि आमुनहेरखेपेशेफ या दोघांच्या रंगीत कबरी राण्यांच्या खोऱ्यात आजही पाहता येतात. राज्याच्या २२व्या वर्षाच्या सुमारास रामसेस नावाच्या राजपुत्राला वारस नेमलं. पुढे तोच रामसेस चौथा झाला. म्हणजे कट झाला तेव्हा युवराज जवळजवळ दहा वर्षं कारभार पाहत होता, सैन्यात आणि देवळांत त्याची माणसं बसली होती. दुसऱ्या बाजूला तिये ही दुय्यम राणी आणि तिचा तरुण मुलगा पेंतावेर. राजा नैसर्गिक मरणाने गेला असता तर पेंतावेरच्या हाती काहीच लागलं नसतं. त्यांच्यापाशी वेळ फार थोडा होता, असं मला वाटतं.

खटल्याचा मुख्य कागद ट्युरिनच्या इजिप्शियन संग्रहालयात आहे, त्याला न्यायालयीन पपायरस म्हणतात (पपायरस म्हणजे लव्हाळ्यासारख्या वनस्पतीपासून केलेला कागद). त्याच्या जोडीला ली आणि रोलँ या नावांनी ओळखले जाणारे तुकडे आहेत, त्यांत जादूटोण्याचा भाग येतो. मुख्य पपायरसमध्ये आरोपींची यादी आहे: नाव, हुद्दा, गुन्हा, कुणापुढे उभा केला आणि काय झालं. ही यादीच सगळं सांगते. पेबेक्कामेन हा राजाच्या खासगी दालनाचा प्रमुख. मेसेदसुरे हा हुजऱ्या. पानिक जनानखान्याचा देखरेख अधिकारी, पेंदुआ तिथला लेखनिक. खजिन्याचा एक अधिकारी. पेयेस नावाचा सेनापती. इजिप्तच्या दक्षिणेकडच्या नुबियातल्या तिरंदाजांचा नायक बिनेमवासे. देवडीवरच्या पहारेकऱ्यांच्या सहा बायका.

पेबेक्कामेनवर ठेवलेला आरोप वाचा. आतल्या बायकांचे निरोप तो बाहेर त्यांच्या आयांना आणि भावांना पोचवत होता: माणसं गोळा करा, धन्याविरुद्ध उठाव करा. बिनेमवासेची बहीण जनानखान्यात होती. तिनेच त्याला चिठ्ठी पाठवली, लोकांना चिथव आणि ये. म्हणजे आत राजाच्या अंगाशी असलेली माणसं, बाहेर नुबियातून येऊ शकणारी फौज, आणि मधला दुवा म्हणून घरचीच नाती. एकट्या राणीच्या मत्सराने एवढी यंत्रणा उभी राहत नाही. यातल्या प्रत्येकाला नव्या राजाकडून काहीतरी हवं होतं.

तुमची मतं वाचायला आवडतील. विशेषतः खटल्याची कागदपत्रं किती खरी मानायची याबद्दल.

ओसरी

वाचतेय. फार छान लिहिलंय. नीलकाठताई, एक प्रश्न. तियेचं पुढे काय झालं? कटाची सूत्रधार तीच ना?

नीलकाठ

ओसरी, तियेच्या खटल्याची नोंद आज हाती असलेल्या कागदात नाही. तिचं नाव येतं ते दुसऱ्यांच्या आरोपांत: अमका माणूस तियेशी आणि जनानखान्यातल्या बायकांशी संगनमत करून होता, अशा वाक्यांतून. ती स्वतः न्यायाधीशांपुढे उभी राहिल्याची एक ओळही नाही. पेंतावेरची आहे. तो न्यायाधीशांपुढे आला, दोषी ठरला, त्याला तिथेच ठेवलं आणि त्याने स्वतःचा जीव घेतला, असं लिहिलं आहे. बड्या आरोपींसाठी हीच वाक्यरचना पुन्हा पुन्हा येते. बाकीच्यांबद्दल 'त्यांची शिक्षा त्यांच्यापर्यंत पोचली' एवढंच.

आणि पेंतावेर हे त्याचं खरं नावही नाही. कागदात त्याचा उल्लेख 'ज्याला ते दुसरं नाव होतं तो पेंतावेर' अशा धर्तीवर आहे. इतर काही आरोपींची नावंही मुद्दाम बिघडवून लिहिली आहेत. मेसेदसुरे म्हणजे रा देव ज्याचा द्वेष करतो तो. बिनेमवासे म्हणजे थीब्जमधला (आजच्या लक्सॉरमधला) दुष्ट. कुठल्या आईबापांनी बारशाला अशी नावं ठेवली असतील? इजिप्तमध्ये मेल्यानंतरचं आयुष्य नावावर टिकून असतं अशी श्रद्धा होती, म्हणून हा शिक्षेचाच भाग धरावा लागतो. शरीराला मरण दिलं आणि पुढच्या जगाचं दारही बंद केलं.

शल्यकर्म

वैद्यकीय बाजू थोडी लिहितो, कारण कट फसला की नाही या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे आहे.

रामसेस तिसऱ्याची ममी १८८१ मध्ये लक्सॉरजवळ देर अल-बहारीच्या गुप्त साठ्यात सापडली आणि १८८६ मध्ये फ्रेंच संशोधक मास्पेरोने ती उलगडली. पण गळ्याभोवती कापडाचे जाड थर होते, ते तसेच राहिले. त्यामुळे सव्वाशे वर्षं राजा कशाने मेला यावर नुसते तर्क चालले. कुणी म्हणे विष, कुणी म्हणे सर्पदंश, कुणी म्हणे कट फसला आणि राजा नंतर आपसूक गेला. २०१२ च्या डिसेंबरमध्ये झाही हवास, अल्बर्ट झिंक आणि सहकाऱ्यांचा सीटी स्कॅनचा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. कापडाखाली स्वरयंत्राच्या खाली सुमारे ७ सेंटीमीटर रुंदीची जखम होती, जवळजवळ मणक्यापर्यंत गेलेली. श्वासनलिका, अन्ननलिका आणि मोठ्या रक्तवाहिन्या, सगळं तुटलेलं. अशा जखमेनंतर माणूस काही क्षणांत जातो, तिथे उपचाराला वावच नसतो.

जखमेत होरस देवाच्या डोळ्याचा ताईत ठेवलेला सापडला. तो बरं होण्याचा, अंग पुन्हा अखंड होण्याचा ताईत मानत. ममी तयार करणाऱ्यांना घाव नीट दिसला होता आणि पुढच्या जगात तो भरून यावा म्हणून त्यांनी तो आत ठेवला.

पुढे हवास आणि रेडिओलॉजिस्ट सहर सलीम यांनी पायाच्या अंगठ्याबद्दल लिहिलं. अंगठा धारदार शस्त्राने तुटलेला आहे आणि तिथे हाड भरून आल्याची एकही खूण नाही, म्हणजे इजा मरणाच्या वेळचीच. तुटलेल्या जागी तागाच्या कापडाचा अंगठा करून बसवला होता. गळ्याचा घाव आणि पायाचा घाव वेगवेगळ्या हत्यारांचे दिसतात. त्यावरून एकापेक्षा जास्त मारेकरी असावेत असा त्यांचा निष्कर्ष आहे, आणि मला तो सयुक्तिक वाटतो. एकाच माणसाने गळा चिरून नंतर पायाचा अंगठा तोडायचं काही कारण दिसत नाही.

ओसरी

बापरे. म्हणजे खटल्याच्या कागदात राजाला मारलं असं स्पष्ट लिहिलेलंच नाही?

पक्षकार

नाही, आणि वकिलीचं काम करणारा माणूस म्हणून मला या कागदात सगळ्यात जास्त हेच खटकतं. आरोप काय आहेत? बायकांशी संगनमत केलं, माणसं चिथवली, ऐकलं आणि सांगितलं नाही. काही जणांवर तर एवढाच आरोप आहे की त्यांना कट कळला होता आणि ते गप्प राहिले. कुणी वार केला, केव्हा, कुठे, त्याचा पत्ता नाही. आज आपण ज्याला आरोपपत्र म्हणू त्यात मूळ गुन्हाच वगळलेला आहे.

कारण उघड आहे. इजिप्तचा राजा देवाचा अंश. त्याच्या गळ्यावर सुरी चालली हे दप्तरात लिहून ठेवायचं म्हणजे ते पुन्हा एकदा घडवण्यासारखं. त्यांच्या लेखी लिहिलेल्या शब्दाला ताकद होती.

दुसरं म्हणजे न्यायाधीश नेमणारा जो आवाज कागदात बोलतो, तो खुद्द रामसेस तिसऱ्याचा. तो म्हणतो, जे त्यांनी केलं ते त्यांच्याच शिरावर पडू दे, मी मात्र सदैव सुरक्षित आहे, आमुन-रा या देवापुढे असणाऱ्या न्यायी राजांमध्ये आहे. हे मेलेल्या राजाचं बोलणं आहे. म्हणजे वारस रामसेस चौथ्याने बापाच्या तोंडून हुकूम वदवला असणार. बारा जणांचं न्यायमंडळ नेमलं: खजिन्याचे दोन अधिकारी, निशाणदार, हुजरे, राजाचा दूत, दप्तराचे लेखनिक. त्यांना शिक्षेचा अधिकार दिला आणि निरपराध माणसाला चुकून शिक्षा होऊ देऊ नका, असंही बजावलं. रक्ताचा डाग नव्या राजाच्या हातावर राहू नये म्हणून केलेली ही तजवीज आहे.

आता त्यातलाच सगळ्यात विलक्षण भाग. या न्यायाधीशांपैकी तिघे पुढे स्वतःच आरोपी झाले! पाइबेसे हा हुजऱ्या, माई हा लेखनिक आणि होरी हा निशाणदार. त्यांच्याबरोबर पायदळाचा अधिकारी तैनख्ते आणि पहाऱ्याचा नायक नानाई. आरोप असा की कटातल्या बायका त्यांच्याकडे गेल्या आणि या लोकांनी त्यांच्याबरोबर आणि सेनापती पेयेसबरोबर मद्यपान केलं, मौज केली. चौघांचे नाक-कान कापले. पाइबेसेने नंतर जीव दिला. होरीला नुसते खडे बोल सुनावले आणि सोडलं.

खटला चालू असतानासुद्धा आरोपी पक्ष न्यायमंडळात शिरू शकत होता, हे यातून दिसतं. तुरुंगातल्या सेनापतीला न्यायाधीशाच्या बैठकीत आणण्याइतके हात त्यांच्यापाशी होते. म्हणून नीलकाठ यांचा मुद्दा मला पटतो. नव्या राजाची जागा त्या दिवसांत डळमळीत होती, आणि त्याने ती घाईघाईने बळकट केली.

ज्वारीचं_कणीस

धागा उत्तम आहे. पण सगळी चर्चा राजवाड्यातच फिरते आहे, म्हणून थोडं बाहेरचं लिहितो.

राज्याच्या २९व्या वर्षी, म्हणजे खुनाच्या दोन-तीन वर्षं आधी, देर अल-मदिनाच्या कारागिरांनी काम बंद केलं. हे लोक राजांच्या खोऱ्यातल्या कबरी खोदत आणि रंगवत. त्यांना पगार धान्यात मिळे. भाकरीसाठी गहू, बिअरसाठी जव, शिवाय मासे, भाजी, तेल, कापड. महिन्याचे १८ दिवस गेले तरी धान्य आलं नाही, तेव्हा ते वस्तीच्या भिंती ओलांडून बाहेर पडले आणि थुतमोस तिसऱ्याच्या देवळामागे जाऊन बसले. आम्ही भुकेने आणि तहानेने इथे आलो आहोत, अंगावर कापड नाही, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही, फॅरोला आणि वजिराला कळवा, अशी त्यांची मागणी लेखनिकाने लिहून ठेवली आहे. तो कागदही ट्युरिनमध्येच आहे. नोंद असलेला जगातला हा सगळ्यात जुना संप मानतात. नंतरच्या दिवसांत ते रामेसियमला, म्हणजे रामसेस दुसऱ्याच्या देवळात, जाऊन बसले.

त्या वेळी वजीर (त्याचं नावच 'तो') काय करत होता? राजाच्या तीस वर्षांच्या उत्सवासाठी दक्षिणेतल्या देवांच्या मूर्ती उत्तरेला न्यायला आला होता. धान्याची कोठारं रिकामी आणि उत्सवाची तयारी जोरात.

म्हणून मला वाटतं, कटवाल्यांनी 'लोकांना चिथवा' असं लिहिलं ते उगीच नाही. असंतोष पसरलेला होता. राजा म्हातारा, साठीच्या आसपासचा. वजिराला कारागिरांचा पगार देता येत नाही. अशा वेळी महत्त्वाकांक्षी माणसाला वाटणारच की एक धक्का दिला तर सगळं आपल्याकडे येईल.

पक्षकार

ज्वारीचं_कणीस, माहिती उत्तम, पण निष्कर्षाशी असहमत. आरोपींच्या यादीत एकही कारागीर नाही, एकही गावकरी नाही. सगळे दरबारी. हुजरे, लेखनिक, सेनापती, खजिनदार. उपाशी लोक उठाव करतील ही कटवाल्यांची आशा असू शकते, पण तसं घडल्याची खूण कागदात नाही. देर अल-मदिनाच्या नोंदींत राजाच्या मृत्यूची बातमी आली तीसुद्धा नेहमीच्या सोज्वळ भाषेत: ससाणा आकाशात उडून गेला आणि त्याच्या जागी नवा राजा आला. लोकांना काय कळलं असेल कुणास ठाऊक.

ज्वारीचं_कणीस

कारागीर कटात होते असं मी म्हणतच नाही. मी एवढंच म्हणतो की ज्या राज्यात कोठारं रिकामी असतात तिथल्या खजिन्याच्या अधिकाऱ्याला सगळ्यात आधी कळतं की धनी दुबळा झाला आहे. आणि तो अधिकारी यादीत आहे. त्याला बंडखोर गावाची गरज नव्हती, त्याच्यासमोर हिशेब होता. माझा मुद्दा मी सोडत नाही.

नीलकाठ

दोघांचंही वाचलं. मी ज्वारीचं_कणीस यांच्या बाजूला थोडी झुकते, आणि त्याचं कारण जनानखान्याच्या स्वरूपात आहे. आपण जनानखाना म्हणतो तेव्हा पडदे आणि सुगंध डोळ्यांपुढे येतात. इजिप्तमधला हा विभाग एक मोठी आस्थापना होती. फायूमच्या तोंडाशी गुरोबला अशा एका वाड्याचे अवशेष आहेत. त्या वाड्याला स्वतःच्या जमिनी, गुरं, नोकर, लेखनिक होते आणि तिथे उंची तागाचं कापड विणलं जाई. राण्या, त्यांच्या दासी, राजपुत्र, परदेशी राजकन्या हे सगळे तिथे राहत. कारभार, मालमत्ता, पत्रव्यवहार, सगळं होतं. त्यामुळे तिथल्या बाईला माणसं आणि साधनं वापरण्याचा सराव असे. तियेने ऐनवेळी कुठून तरी मदत मागितली नाही, तिच्याभोवती कारभारी माणसं आधीपासून होती. आणि कोठारं आटली की अशा आस्थापनेलाही चटका बसणारच.

पायवाट

मेदिनेत हाबू पाहिलं आहे म्हणून लिहायचा मोह होतोय. लक्सॉरला गेलेले बरेच लोक कर्नाक आणि राजांचं खोरं पाहून परततात. कृपया मेदिनेत हाबू सोडू नका. प्रवेशाचा पूर्वेकडचा दरवाजा सीरियातल्या किल्ल्यांच्या धर्तीवर बांधला आहे, उंच, कंगोऱ्यांचा. त्याच्या वरच्या मजल्यावरच्या खोल्यांत राजा तरुण स्त्रियांच्या सहवासात कोरला आहे. कुणी त्याला फळ देते आहे, कुणी फूल, कुठे तो पटावर खेळतोय. दरवाज्याच्या बाहेरच्या अंगाला हाच राजा शत्रूंचे केस धरून गदा उगारतो. एकाच इमारतीत ही दोन्ही चित्रं पाहिली आणि आतल्या खोलीत मला अस्वस्थ वाटलं. खून याच परिसरात झाला असावा असा अनेक अभ्यासकांचा अंदाज आहे.

गाइडने दाखवलेली आणखी एक गोष्ट. देवळात राणीचं चित्र आहे तिथे नावाची चौकट कोरलेली आहे, पण आत नाव नाही. रिकामी! इतक्या काटेकोर देवळात हे सहज राहून गेलं असेल का? मला वाटतं राजाने पट्टराणी कोण आणि वारसाची आई कोण हे शेवटपर्यंत ठामपणे जाहीर केलं नाही. त्यातूनच तियेसारखीच्या मनात आशा निर्माण झाली.

नीलकाठ

पायवाट, रिकाम्या चौकटीचा मुद्दा फार मोलाचा. रामसेस चौथ्याच्या आईबद्दल अभ्यासकांचं अजून एकमत नाही, इसेत की तिती, हा वाद चालूच आहे. राज्याच्या मुख्य देवळात नाव मोकळं ठेवणं म्हणजे जनानखान्यातल्या प्रत्येक आईला वाट मोकळी ठेवण्यासारखं.

बोरू

एक भर घालतो. हे इजिप्तमध्ये पहिल्यांदा घडत नव्हतं.

सहाव्या राजवंशात पेपी पहिल्याच्या काळी, म्हणजे रामसेसच्या हजार-बाराशे वर्षं आधी, वेनी नावाच्या अधिकाऱ्याने आपल्या कबरीत आत्मचरित्र कोरून घेतलं. त्यात तो सांगतो की राजाच्या अंतःपुरात राणीविरुद्ध गुप्त खटला होता, तेव्हा राजाने त्याला एकट्याला आत पाठवलं. वजीर नाही, दुसरा बडा अधिकारी नाही. एका सहकाऱ्याला घेऊन त्याने सगळं लिहून काढलं. आपल्या हुद्द्याच्या माणसाला असं काम कधीच मिळालं नव्हतं, म्हणून तो अभिमानाने सांगतो. राणीचा गुन्हा काय आणि तिचं काय झालं हे मात्र सांगत नाही. तो शिलालेख अबायडोसचा, आता कैरोच्या संग्रहालयात आहे.

नंतर बाराव्या राजवंशाचा संस्थापक आमेनेम्हात पहिला, इ.स.पू. १९६० च्या आसपासचा. मेलेला राजा मुलाला, सेनुस्रेतला, उपदेश करतो अशी एक रचना आहे. रात्रीचं जेवण झालं होतं, मी पलंगावर पडलो होतो, आणि माझ्या रक्षणाची शस्त्रं माझ्यावरच उगारली गेली, असं तो सांगतो. रात्री एकटा माणूस कितीही शूर असला तरी लढू शकत नाही, असंही. आणि मग प्रश्न विचारतो: बायकांनी कधी फौज उभी केली होती का? वाड्याच्या आत बंडखोर पोसले जातात का? ही रचना शाळेत शिकणाऱ्या लेखनिकांना पाठ करायला देत. देर अल-मदिनाच्या खापरांवर तिचे उतारे सापडले आहेत. म्हणजे पेंदुआसारख्या लेखनिकाने लहानपणी हीच वाक्यं गिरवली असणं सहज शक्य आहे.

ओसरी

बोरू, ही शेवटची माहिती मला फार भिडली. आणि जादूचा भाग? मूळ लेखात ली आणि रोलँ पपायरसचा उल्लेख होता.

बोरू

त्यात मेणाच्या बाहुल्यांचा उल्लेख आहे. पेनहुईबिन नावाचा गुरांचा अधिकारी होता. त्याने स्वतःला दरारा आणि सामर्थ्य लाभावं असा मंत्रलेख मागितला आणि त्याला तो मिळाला तो खुद्द रामसेस तिसऱ्याच्या ग्रंथातून! मग मेणाची माणसं करून ती आत पाठवली, पहारेकऱ्यांचे हातपाय लुळे पडावेत आणि मन भ्रमित व्हावं म्हणून. कटात 'जीवनगृहा'चा, म्हणजे देवळातल्या ग्रंथशाळेचा, लेखनिक होता, सेखमेत देवीच्या पुजाऱ्यांचा प्रमुखही होता. हे लोक त्या काळचे विद्वान आणि वैद्य. आजच्या वाचकाला हे गौण वाटेल, पण न्यायाधीशांच्या दृष्टीने तो शस्त्राइतकाच गंभीर गुन्हा होता. राजाच्या ग्रंथातली ताकद राजाविरुद्ध वापरणं हा देवांचाही अपमान.

शल्यकर्म

पेंतावेरबद्दल राहिलं. त्याच साठ्यातून १८८६ मध्ये एक निनावी ममी उलगडली गेली, तिला 'अनोळखी पुरुष ई' म्हणतात. वय १८ ते २० च्या आसपास. अंगावर बकऱ्याचं कातडं, जे तिथे विधीच्या दृष्टीने अशुद्ध. मेंदू आणि आतले अवयव काढलेले नाहीत. तोंड उघडं. २०१२ च्या अभ्यासात तिच्या वाय गुणसूत्राचा नमुना रामसेस तिसऱ्याशी जुळला आणि बाकीचा डीएनए बाप-मुलाच्या नात्याला साजेसा निघाला. छाती फुगलेली आणि गळ्याशी कातडीच्या घड्या दिसतात, त्यावरून गळा आवळला गेला असावा असं लेखकांनी सुचवलं. हा पेंतावेरच असं खात्रीने म्हणता येणार नाही, पण राजाचा मुलगा आणि असा अपमानित मृतदेह, या दोन गोष्टी जुळणारा दुसरा राजपुत्र माहीत नाही.

अवांतर: हा अभ्यास प्रसिद्ध झाला त्याच सुमारास, २०१२-१३ च्या हिवाळ्यात, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ब्रिटिश म्युझियमचं ममीचं प्रदर्शन आलं होतं. नेसपेरेन्नुब नावाच्या पुजाऱ्याची ममी, न उलगडता सीटी स्कॅनने आतून दाखवलेली. ज्यांनी ते पाहिलं असेल त्यांना या तंत्राची कल्पना चटकन येईल.

पायवाट

मी पाहिलं होतं ते प्रदर्शन! पट्ट्या न सोडवता आतले ताईत दिसत होते. राजाच्या गळ्यातला ताईत असाच सापडला असणार.

ओसरी

मग शेवटी रामसेस चौथाच जिंकला म्हणायचं?

नीलकाठ

गादी त्याला मिळाली. आल्या आल्या त्याने बापाच्या नावाने एक प्रचंड पपायरस तयार करवला. हॅरिस पपायरस, सुमारे ४२ मीटर लांब, ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. बापाने कुठल्या देवळाला काय दिलं याची जंत्री आणि शेवटी बाप अधिकाऱ्यांना आणि सैन्याला सांगतो, माझ्या मुलाशी एकनिष्ठ राहा. कटाचं नावही नाही. माझ्या मते खटल्याचा कागद आणि हा कागद एकत्र वाचायला हवेत. एकात शत्रू पुसले, दुसऱ्यात देवळांना आणि सैन्याला आपल्याकडे बांधून घेतलं. तियेच्या माणसांनी राजाला मारण्याची तयारी बारकाईने केली होती, पण दुसऱ्या दिवशी सकाळी आमुनचे पुजारी आणि सैन्य कुणाकडे जाणार, याचं उत्तर त्यांच्यापाशी नव्हतं. युवराजापाशी दहा वर्षांपासून ते तयार होतं.

चौथ्या वर्षी त्याने अबायडोसला मृतांचा देव ओसिरिस याच्याकडे मागणं कोरलं: रामसेस दुसऱ्याने ६७ वर्षं राज्य केलं, मला त्याच्या दुप्पट दे. त्याला एकूण मिळाली सहा वर्षं.

पक्षकार, तुमच्याकडे एक मागणं आहे. न्यायाधीशांपैकी होरी नुसत्या खडसावण्यावर सुटला आणि बाकीच्यांचे नाक-कान गेले, हा फरक का, यावर तुम्ही सविस्तर लिहाल का? त्याचा गुन्हा कागदात बाकीच्यांच्या जवळपासचाच दिसतो.

पक्षकार

लिहितो. यादीतली भाषा पाहिली तर माई आणि पाइबेसे यांनी आरोपींना घरी बसवून पाहुणचार केला. होरी त्यांच्या बरोबर होता असं म्हटलंय, पण बैठक त्याच्या घरी झाल्याचा उल्लेख नाही. दुसरी शक्यता अशी की त्यानेच बातमी फोडली आणि बदल्यात सुटला. माफीचा साक्षीदार म्हणतो तसा. पुरावा नाही, पण इतक्या कडक खटल्यात एकाच माणसावर दया दाखवायचं मला दुसरं कारण दिसत नाही. रविवारी मूळ भाषांतरं पुन्हा समोर ठेवून आरोपांचे शब्द एकेक करून इथे देतो.